आत्तीचे शब्द

१ ऑगस्ट

ही डायरी जोतिरामांना बँकेतून जानेवारीत मिळाली आणि सात महिने टीव्हीखाली पडून राहिली. आज उघडली, कारण या घरात माझं पूर्ण वाक्य ऐकून घेणारं कुणी उरलेलं नाही. उत्कर्षा बारावीत, तिच्या कानात कायम फोनची बोंडं. जोतिराम ऐकतात, पण ऐकून ‘बरं’ म्हणतात. लग्नाला वीस वर्षं झाली, वीस वर्षं ‘बरं’. (तोंडावर मी ‘अहो’च म्हणते. इथं नावानं लिहिणार. तेवढं तरी.)

आमच्या ‘चारचा चहा’ या पानाला आज दीड वर्ष झालं. मी, तळमजल्यावरची महादेवी आणि ब्लाउज शिवणारी रुपाली. मी लिहायचं, त्या दोघींनी नटायचं, महादेवीच्या फोनवर शूट करून इन्स्टावर टाकायचं. दीड वर्षात दोनशे बारा माणसं जमली, त्यातली निम्मी महादेवीच्या अक्कलकोटच्या माहेरची. कॉलेजात माझ्या एकांकिकेला पहिलं बक्षीस होतं. आता मी ‘पाणी आलं, पाणी आलं!’ असं चाळीस सेकंदांचं लिहिते आणि तेही कुणी शेवटपर्यंत बघत नाही.

त्यात चार तारखेला आत्ती येणार. म्हणजे सासूबाई. बिरुदेव भाऊजींचा सांगोल्याहून फोन होता. "वैनी, तिचं हितं मन रमंना झालंय. जरा इसरतीबी आताशा. ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं चार म्हैनं." धाकट्यानं इतकी वर्षं आईकडून मेंढरं राखून घेतली, आता गुडघे गेले तर आमच्याकडं. मी जोतिरामांना म्हटलं, "तुम्ही काहीच बोलणार नाही का?" ते म्हणाले, "आई हाय की माझी." बस्स.

४ ऑगस्ट

आत्ती आल्या. एक पिशवी, एक घोंगडं, आणि हातात काठी. आल्या आल्या आमचा मिक्सर सुरू होता, तर दचकून म्हणाल्या, "ते गुरगुरं बंद कर गं बाई!"

महादेवी नेमकी वाटीभर दही मागायला आली होती. तिला हसू आवरेना. "अक्का, गुरगुरं! मिक्सरला गुरगुरं!" जाताना दही विसरून गेली.

११ ऑगस्ट

लिहून ठेवलंच पाहिजे. आठवड्यात जमलेले आत्तीचे शब्द:

फ्रिज – गार कपाट (५ तारीख).
किल्ली – दाराचं बोट (७).
चष्मा – डोळ्याची खिडकी (८).
रुपालीची कात्री – दोन पायाची सुरी (आज).

ही बाई शाळेची पायरी चढलेली नाही! मी शब्द शोधत डोकं खाजवत बसते आणि ह्या भाकरी मोडता मोडता असं काहीतरी बोलून जातात. मला थोडा रागच आला, खरं सांगायचं तर.

महादेवीनं दुपारी नुसता फोन धरला, मी वस्तू दाखवत गेले. "आत्ती, हे काय?" "डोळ्याची खिडकी की!" रात्रीपर्यंत नऊ हजार लोकांनी बघितलं. नऊ हजार! पानाचं नाव बदललं, ‘आत्तीचा कारभार’. माझ्याच डोक्यातलं नाव आहे, महादेवी सगळ्यांना स्वतःचं म्हणून सांगेल, हेही लिहून ठेवते.

२९ ऑगस्ट

आता मी रीतसर लिहून देते. आत्तींना पाठ होत नाही, पण त्याची गरजच नाही. मी प्रसंग बांधते, मध्ये एक प्रश्न टाकते, आणि त्या जे बोलतील ते बोलतील. आज कुकरची शिट्टी झाली तर "कोन बोलावतंय बघ जा" म्हणून स्वतःच दार उघडायला गेल्या. तीन वेळा. तिन्ही वेळा तेवढ्याच गंभीर चेहऱ्यानं! अभिनय शिकलेल्या माणसालाही तिसऱ्यांदा हसू फुटतं.

भाजी मंडईत एका बाईनं ओळखलं. "तुम्ही आत्तीच्या सूनबाई ना?" सूनबाई. मी लिहिते असं सांगितलं, तर म्हणाली, "त्यात लिहायचं काय असतं? आज्जी आपणहून बोलतात की."

पुढं मेथी घेतली नाही, तशीच घरी आले.

१६ सप्टेंबर

आज सर्वांत भारी झालं, आणि त्यावरून घरात सर्वांत वाईट.

महादेवीनं विचारलं, "आत्ती, गावाकडं काय पाळलं होतं तुम्ही?"

"ती की… ती…" आत्तींनी हात हवेत फिरवला. "अंगावर लोकर असतीया बघ. खाली मान घालून चालत्यात. शंभर हुती माझी."

"कोण शंभर?"

"अगं, सांगत्ये की तुला! ती…" आणि मग एकदम, अगदी हुबेहूब, "ब्यांऽऽ! ब्यांऽऽ करत्यात!"

महादेवीच्या हातातला फोन हलला हसून. मेंढरू! सगळा जन्म मेंढरांमागं गेला आणि नेमका तोच शब्द गाळला! हे टायमिंग शिकवून येत नाही.

रुपाली मात्र हसली नाही. गळ्यातली टेप काढून गुंडाळत बसली. म्हणाली, "अक्का, त्यांना खरंच आठवत नव्हतं ओ." मी म्हटलं, "मग आपल्याला तरी दर वेळी नेमका शब्द आठवतो का? वय आहे त्यांचं." ती "शिवण पडलंय" म्हणून निघून गेली. हल्ली तिला पडद्यावर फारसं काम नसतं, त्याचं हे दुखणं.

संध्याकाळी जोतिरामांना दाखवलं. एकदा बघितलं. परत बघितलं. म्हणाले, "हे तू लिवून दिलंतीस का तिला?"

"नाही हो, तेच तर! स्वतःचं आहे."

फोन माझ्या हातात दिला, चपला घातल्या आणि बाहेर गेले. दीड तासानं आले, जेवले नाहीत. बायकोचं काही चाललं की यांच्या पोटात दुखतं, हे मला वीस वर्षांत कळलं नव्हतं ते आज कळलं.

३ ऑक्टोबर

रुपाली सतरा दिवस आलेली नाही. माझे दोन ब्लाउज तिच्याकडं आहेत. बोलावणार नाही.

आत्ती हल्ली मागं मागं फिरतात. मी स्वयंपाकघरात तर त्या स्वयंपाकघरात, मी गॅलरीत तर त्या गॅलरीत. पदराचं टोक धरतात. फोन समोर आला की मात्र गप्प होतात, मग माझ्याकडं बघतात, मी मान हलवली की बोलतात. महादेवी म्हणते, "डायरेक्टरचं ऐकणारी हिरोईन पहिल्यांदाच बघितली, अक्का." छान वाटलं. कुणीतरी डायरेक्टर म्हणालं.

१८ ऑक्टोबर

उत्कर्षा आज पुस्तक आपटून म्हणाली, "आई, आजी ॲक्टिंग करत नाहीये."

"मग काय करतेय?"

"तूच बघ ना. तुझंच सगळं शूट केलंय. एकदा आवाज बंद करून बघ."

बारावीचं टेन्शन माझ्यावर काढते. मी बघितलं नाही. मला कामं आहेत.

२ नोव्हेंबर

आज माझ्या संसारातला चमत्कार घडला. जोतिरामांनी चक्क अभिनय केला!

साडेसहा वाजता ते बँकेतून आले. आम्ही चहाचा एक प्रसंग शूट करत होतो, महादेवीचा फोन चालूच होता. दारात हे, हातात डब्याची पिशवी. आत्तींनी बघितलं, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "कोन पायजे?"

हे उंबऱ्यातच थांबले.

"तुमी कुणाचं पावणं? बसा की. आमचा जोती यील येवढ्यात शाळंतनं."

आणि जोतिराम बसले! बूट न काढता, पिशवी मांडीवर घेऊन, अगदी परक्या घरात आल्यासारखे सोफ्याच्या कडेला. चेहरा असा केला होता की मला टाळी वाजवावीशी वाटली. आत्तींनी त्यांना तांब्याभर पाणी आणून दिलं. त्यांनी प्यायलं. महादेवीनं तिथंच थांबवलं.

मी म्हटलं, "अहो, एवढं येत होतं तर इतके दिवस का नाही केलंत?" त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली. मग न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून बसले. आज पाण्याचा दिवसही नव्हता, टाकीतलं पाणी वाया.

६ नोव्हेंबर

चौदा लाख.

‘तुमी कुणाचं पावणं’ पुण्यात, मुंबईत, दुबईत सुद्धा. लोक स्वतः तोंड हलवून तसे व्हिडिओ करतायत. पोरं बापाला विचारतायत, बायका नवऱ्याला.

जोतिराम दुपारीच घरी आले. बँकेत रांगेतल्या माणसानं काउंटरवर वाकून त्यांना विचारलं होतं, "साहेब, तुमी कुणाचं पावणं?" अख्खी रांग हसली म्हणे.

"ते काढ," म्हणाले.

"महादेवीच्या फोनवरून चालतं ते. आणि हसले तर काय झालं? प्रेमानं हसतात लोक."

"सुकन्या, काढ."

नावानं हाक मारली की मला कळतं, राग आहे. पण मलाही राग येतो हे कुणाला कळतं? मला वीस वर्षांत पहिल्यांदा काहीतरी मिळालंय आणि ते काढून टाकायचं. खाली गेले, महादेवीला सांगितलंही. ती म्हणाली, "अक्का, चौदा लाख. वेड्या आहात का?" मी जास्त ताणलं नाही. हे खरं लिहिते. जास्त ताणलं नाही.

७ डिसेंबर

लिहायचं नव्हतं. पण नाही लिहिलं तर उद्या मी वेगळंच काही सांगेन, स्वतःला सुद्धा.

नवी पेठेत साड्यांचं नवं दुकान. उद्घाटन आत्तींच्या हस्ते. महादेवीनं ठरवलं आणि मी हो म्हटलं. जोतिरामांना सांगितलं नाही, ते पंढरपूरच्या शाखेत गेले होते. आत्तींना हिरवं इरकल नेसवलं, गजरा माळला. रिक्षात त्या माझा दंड धरून बसल्या होत्या.

गर्दी एवढी असेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे फोन वर. "आज्जी, पावणं म्हणा की! एकदा म्हणा!" आत्ती मला म्हणाल्या, "चल, घरला जाऊ." मी म्हटलं, "झालं आत्ती, एवढी फीत कापली की जाऊ."

मालकानं ताटातली कात्री त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटी धरली. मग दुसऱ्या हातात घेतली. माइकवाला पोरगा पुढं आला, "आज्जी, ह्याला तुमच्या भाषेत काय म्हणतात?"

त्या कात्रीकडं बघत राहिल्या. कितीतरी वेळ. लोक हसायला लागले. मीही हसत होते. मी पण. मला वाटलं आता काहीतरी भन्नाट येणार.

"मला म्हाईत न्हाय," त्या म्हणाल्या. मग मोठ्यानं, "मला म्हाईत न्हाय! मारू नगा मला!" कात्री खाली पडली. इरकलावरून ओल खाली उतरत गेली, फरशीवर पाणी झालं. हसणं तरीही लगेच थांबलं नाही. मागच्यांना दिसत नव्हतं ना.

मी त्यांना पदराखाली घेऊन बाहेर काढलं. वळून बघितलं तर महादेवी शूट करत होती. मी ओरडले तिच्यावर. ती म्हणाली, "अक्का, मी काय नवीन केलं आज?"

रिक्षावाल्यानं सीटवर टाकायला स्वतःचं फडकं दिलं.

८ डिसेंबर

जोतिराम रात्रीच आले, त्यांना तोपर्यंत सगळं कुणाच्या तरी फोनवर दिसलं होतं. सकाळी चहा घेताना म्हणाले, "बिऱ्यानं मला मे म्हैन्यातच सांगितलं हुतं. दोनदा वाट चुकली ती. मेंढरं घिऊन गेली आन् एकटीच आली."

मे महिन्यात! माझा संताप संताप झाला. "आणि मला सांगितलं नाहीत? मी घरात असते दिवसभर, मी करते त्यांचं, आणि मला सांगावंसं वाटलं नाही?"

ते कपाकडं बघत म्हणाले, "सांगितलं असतं. तर तू लिवलं असतंस त्याच्यावर."

मी कप उचलले आणि विसळत बसले.

१३ डिसेंबर

मेंदूच्या डॉक्टरांकडं गेलो, होटगी रोडला. आधीच सांगितलं होतं की कधीपासून काय काय बदललं ते लिहून आणा. उत्कर्षानं माझ्यासमोर ही डायरी ठेवली. "हीच ने. सगळं आहे तुझ्याकडं."

डॉक्टरांनी आत्तींना घड्याळ काढायला सांगितलं. त्यांनी एक गोल काढला आणि सगळे आकडे एकाच बाजूला दाटीनं बसवले, थंडीत माणसं बसतात तसे. मग त्यांना बाहेर उत्कर्षाजवळ बसवलं आणि मला विचारलं, "पहिल्यांदा शब्द अडले ते कधी?"

मी वाचायला लागले. मिक्सर, चार ऑगस्ट. फ्रिज, पाच. किल्ली, सात. चष्मा, आठ. कात्री, अकरा. कुकर, एकोणतीस ऑगस्ट, तीन वेळा. मेंढरू, सोळा सप्टेंबर. मुलगा, दोन नोव्हेंबर. डॉक्टर टिपून घेत होते. जोतिराम शेजारी, गुडघ्यावर हात ठेवून.

"फार चांगली नोंद ठेवलीय तुम्ही," डॉक्टर म्हणाले. "नातेवाईक इतक्या बारकाईनं बघत नाहीत."

औषधानं ही घसरण थोडी सावकाश होईल म्हणाले. परत चढण नाही. गर्दी, गोंधळ, प्रश्नांची सरबत्ती टाळा म्हणाले.

२७ डिसेंबर

महादेवीशी बोलणं बंद. ती म्हणते, पान तिच्या नंबरावर आहे आणि लोकांनी ठेवून घेतलेले व्हिडिओ तिनं पुसले तरी जाणार नाहीत. दुसरं खरं आहे. उत्कर्षानं शोधून बघितलं, दोनशेच्या वर ठिकाणी आहेत. कुणी त्याला गाणं लावलंय, कुणी आत्तींना काळा चष्मा चढवलाय. दोघी मिळून तक्रारी करत बसतो. एक जातो, चार येतात.

रुपाली आली होती. माझे ब्लाउज आणि आत्तींसाठी समोरून नाड्या असलेले चार गाऊन शिवून. "हुक लावता येत नसतील आता," म्हणाली. मला तिची माफी मागायची होती. "शिलाई किती झाली?" एवढंच तोंडातून निघालं. ती "राहू द्या" म्हणाली आणि चहा न घेता गेली.

९ जानेवारी

‘आत्तीचा कारभार’ पुन्हा सुरू. महादेवीनं अक्कलकोटहून तिची मावशी बसव्वा आणलीय. ठणठणीत बाई, दात सगळे शाबूत. ती विसरल्याचं सोंग करते. "तुमी कुणाचं पावणं?" म्हणते आणि मध्येच कन्नडमध्ये एक शिवी हासडते. लोकांनी लिहिलंय, ‘ही आज्जी जुन्या आज्जीपेक्षा भारी.’

मी तिच्यासाठी कसं लिहिलं असतं, याचा विचार भांडी घासताना माझ्या डोक्यात चालूच होता. दोन वाक्यं तयारही झाली. मग हात थांबले.

जोतिराम माझ्याशी बोलतात. भाजी, पाणी, उत्कर्षाची फी, औषध. ‘बरं’ मात्र म्हणत नाहीत. आता नुसती मान हलवतात.

२२ जानेवारी

आज घरात आम्ही दोघीच. आत्तींना न्हाऊ घातलं, गॅलरीत उन्हाला बसवलं आणि केस विंचरायला घेतले. केस अजून लांब आहेत त्यांचे. त्यांनी पाय उन्हात लांब केले. मग हळूच म्हणाल्या, "तू नवी हायस व्हय कामाला?"

डॉक्टरांनी सांगितलंय, खोडून काढू नका. "व्हय," मी म्हटलं.

"मालकीन कुटं गेली?"

"बाहेर गेल्यात."

त्यांनी मान वळवून दाराकडं बघितलं. खात्री करून घेतली. मग माझं मनगट धरून मला खाली वाकवलं, तोंड माझ्या कानाशी आणलं.

"तिच्यापुढं जपून बोलत जा. ती बया काय बी इचारती आन् माणसं हसत्यात. मला ठावं न्हाय का हसत्यात. मी बोलती काय बी, ती खूस हुती म्हनून. न्हाय बोललं तर घरातनं काढंल की मला." पुन्हा दाराकडं बघितलं. "जोतीला सांगू नगंस. त्येचा संसार हाय."

माझ्या हातात त्यांची अर्धी वेणी होती.

"न्हाय सांगत," मी म्हटलं.

"बरं." त्यांनी मनगट सोडलं आणि पुन्हा उन्हाकडं तोंड केलं. मी वेणी पुरी केली, शेवटी गाठ मारली. त्यांनी वेणी चाचपून बघितली, चेहरा खुलला.

"हात हलका हाय तुजा," म्हणाल्या. "उद्या बी तूच ये. तिला नगं."